एकाची गर्दी, दुसऱ्याची तूट



पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या माणसाच्या स्मरणार्थ चालणारी ही व्याख्यानमाला, आणि मी विषय घेऊन आलो आहे होल्यांच्या शिकारीचा. काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ती स्वाभाविक आहे. मी स्वतः कधी बंदूक हातात धरलेली नाही आणि धरायची इच्छाही नाही. तरीही हा विषय मी जाणूनबुजून निवडला. होले एकमेकांपासून वेगळे ओळखणं आपल्यासाठी छंद आहे. चुकलं तर वहीत खाडाखोड होते. पण जगात अशा जागा आहेत, जिथे हीच ओळख चुकली तर पक्षी जातो आणि कधी कधी अख्खी जात जाते. तिथली माणसं होल्याकडे कसं बघतात, ते आपण शिकून घ्यावं असं मला वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सारखे दिसणारे पक्षी आपण एका नावाखाली कोंबतो, तेव्हा त्यांतल्या एकाची गर्दी दुसऱ्याची तूट झाकून टाकते. आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

चला, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात जाऊ. या सभागृहातल्या अनेकांची मुलं, नातवंडं ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनला आहेत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही तिकडे गेलात, तर शहराबाहेरच्या शेतांतून छऱ्यांच्या बंदुकांचे बार ऐकू येतील. टेक्सासच्या उत्तर आणि मध्य भागात होल्यांचा हंगाम १ सप्टेंबरला उघडतो. कापणी झालेलं सूर्यफुलाचं शेत, गुरांसाठी बांधलेलं तळं, कडेला झाडांची एखादी रांग, अशा ठिकाणी माणसं सकाळपासून दबा धरून बसतात. होला दाणे टिपायला येतो, पाण्यावर येतो, संध्याकाळी झाडीत परततो. त्याचे रस्ते ठरलेले असतात आणि शिकाऱ्याला ते ठाऊक असतात.

पण त्या रस्त्यावरून येणारा होला कोणता? खरा प्रश्न इथे सुरू होतो.

टेक्सासच्या त्या एकाच तळ्यावर एका दुपारी पाच-सहा जातींचे होले येऊ शकतात आणि प्रत्येकाला कायदा वेगळा. मोर्निंग डव्ह आणि पांढरपंखी होला, ज्याला तिथले लोक नुसतं व्हाइटविंग म्हणतात, हे दोन्ही मारता येतात. दिवसाची मर्यादा सगळे मिळून १५. त्या पंधरांत व्हाइट-टिप्ड डव्ह नावाचा, दक्षिणेकडच्या झुडपांत राहणारा होला दोनपेक्षा जास्त असता कामा नये. दक्षिण भागात मुख्य हंगामाच्या आधी खास व्हाइटविंगसाठी काही दिवस राखून ठेवलेले असतात, आणि त्या दिवसांत दुपारी बारानंतरच बंदूक उचलता येते. तेव्हाही मर्यादा पंधराचीच, पण मोर्निंग डव्ह त्यांत फार तर दोन, कारण त्या सुमाराला काही मोर्निंग डव्ह अजून पिलं वाढवत असतात. इंका डव्ह आणि ग्राउंड डव्ह या दोन चिमुकल्या जातींना हात लावणंसुद्धा गुन्हा. आणि कंठीवाला होला? त्याला बंद हंगाम नाही, मर्यादा नाही, वर्षभर कितीही मारा. हा कंठीवाला म्हणजे तोच, जो आपल्याकडे विजेच्या तारेवर बसून दिवसभर घुमतो. तो तिथे कसा पोचला, ते पुढे सांगतो.

आता विचार करा. एकाच झाडावरून पाठोपाठ चार पक्षी सुटले. पहिला पंधरांतला एक. दुसरा दोनांतला एक. तिसरा मारला तर दंड. चौथ्याचा हिशेबच नाही. आणि वेळ किती? होला भरधाव वाऱ्याबरोबर ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. छऱ्यांचा पल्ला तीस-चाळीस मीटर. निर्णयाला मिळतात एक-दोन सेकंद.

मग चांगला शिकारी काय बघतो?

रंग बघत नाही. हे ऐकून आपल्यातल्या हौशी पक्षिनिरीक्षकांना आश्चर्य वाटेल, कारण आपण पहिल्यांदा रंगच विचारतो. पण सूर्य पक्ष्याच्या मागे असला की सगळे होले काळेच दिसतात, आणि होले जास्त फिरतात ते सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे नेमके तिरप्या उन्हात. म्हणून आधी शेपूट बघायची. मोर्निंग डव्हची शेपूट लांब आणि टोकाकडे निमुळती, वळताना पसरली की दोन्ही कडांना पांढरं चमकतं. व्हाइटविंगची शेपूट आखूड, टोकाला गोलसर आणि कोपऱ्यांशी पांढरी. कंठीवाल्याची लांब पण टोकाला सरळ कापल्यासारखी. तो डोक्यावरून जाताना शेपटीचा खालचा भाग दिसतो, बुडाशी काळा आणि पुढे रुंद पांढरा. व्हाइट-टिप्डच्या शेपटीचेही कोपरे पांढरे असतात, आणि घोटाळा इथेच होतो.

घोटाळा सोडवतो पंख. व्हाइटविंग उडाला की पंखांच्या मधोमध पांढरा पट्टा आणि त्यापुढे काळी टोकं लखलखतात. हा पट्टा दिसल्यावर शंका उरत नाही. व्हाइट-टिप्डच्या पंखावर वरून पांढरं काहीच नाही, खालून मात्र तांबूस झाक आहे. बसलेल्या व्हाइटविंगचा तोच पट्टा मिटलेल्या पंखाच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ होऊन राहतो. म्हणजे एकाच पक्ष्याची खूण उडताना एक आणि बसल्यावर दुसरी. ज्याने फक्त पुस्तकातलं बसलेलं चित्र पाठ केलं, त्याला आकाशात तोच पक्षी परका वाटतो. आपल्याही बाबतीत हे किती खरं आहे!

त्यानंतर उडण्याची ढब. मोर्निंग डव्ह सडपातळ, वेगवान, अंग मुरडत दिशा बदलणारा. जमिनीवरून उठताना त्याच्या पंखांची शीळ वाजते, डोळे मिटूनही तो ओळखता येतो. व्हाइटविंग अंगाने भरलेला. त्याचे थवे बरेचदा उंचावरून, जरा सावकाश आणि सरळ रेषेत येतात. कंठीवाला या सगळ्यांत मोठा आणि फिका, मोर्निंग डव्हच्या जवळजवळ दीडपट वजनाचा. व्हाइट-टिप्ड उघड्या आकाशात फारसा येत नाही. झुडपांच्या उंचीवरून सरळ जातो आणि पुढच्या झुडपात घुसतो.

आणि आता सगळ्यात अवघड जागा. हंगाम उघडतो सप्टेंबरच्या सुरुवातीला, तेव्हा त्या वर्षीची मोर्निंग डव्हची पिलं नुकती उडायला लागलेली असतात. त्यांची शेपूट अजून पुरती वाढलेली नसते, अंगावरच्या पिसांना फिकट कडा असल्यामुळे ती खवल्याखवल्यांची दिसतात. इंका डव्हही खवल्यांचाच. अंग लहान, पिसं खवल्यांची, अशा पक्ष्यावर बंदूक रोखणारा शिकारी मोर्निंग डव्हचं पिलू मारणार आहे की संरक्षित जातीचा पक्षी? इथे शेपटीचा नियम अपुरा पडतो आणि पंखाकडे जावं लागतं. इंका आणि ग्राउंड डव्ह उडाले की पंखांत विटकरी रंग झळकतो, मोर्निंग डव्हच्या पंखात तो नाही. तेवढंही नीट दिसलं नाही तर? तर बंदूक खाली. तिथले जुने शिकारी नवशिक्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात आणि मला ते मनापासून पटतं. काही दिवशी हाताशी आलेले निम्मे पक्षी सोडून देणारा शिकारीच मी चांगला मानतो.

तुम्ही विचाराल, शेताशेतांत कोण तपासणार? कुणीच नाही. वन्यजीव खात्याचा माणूस प्रत्येक तळ्याशी उभा राहू शकत नाही. नियम कागदावर आहेत, बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं बसणार नाहीत अशी सोय करणं बंधनकारक आहे, परवाने आहेत. पण अखेर तो कायदा शेतात पोचतो शिकाऱ्याच्या डोळ्यांमार्फत. डोळा शिकलेला नसेल तर सगळी नियमावली व्यर्थ.

आणि ओळखण्याचं काम पक्षी पडल्यावर संपत नाही. तिथले काही शिकारी मारलेल्या प्रत्येक होल्याचा एक पंख पाकिटात घालून सरकारी शास्त्रज्ञांकडे पाठवतात. पंखावरच्या काही लहान पिसांना फिकट टोकं असतील तर पक्षी त्याच वर्षीचा. हजारो पंख असे वाचले की त्या वर्षी किती पिलं जगली याचा अंदाज बांधता येतो आणि पुढच्या हंगामाची मर्यादा त्यावरून ठरवायला मदत होते. कंठीवाल्याला मर्यादा नाही, पण तो सोलला की इतरांसारखाच दिसतो, म्हणून त्याची पिसं अंगावर ठेवा असं शिकाऱ्यांना सांगितलं जातं.

ही शिस्त त्या देशाला कुठून आली? ती फार मोठी किंमत मोजून आली, आणि माझा दुसरा मुद्दा या किमतीचा आहे.

पॅसेंजर पिजन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत हे पक्षी तीनशे ते पाचशे कोटी असावेत असा अंदाज केला जातो. १८१३ साली जॉन जेम्स ऑड्युबॉन या चित्रकार-निसर्गतज्ज्ञाने केंटकीत त्यांचे थवे पाहिले. सूर्य झाकोळून टाकणारं ते उड्डाण तीन दिवस चालू होतं. अशा पक्ष्याचं काय होणार, असंच प्रत्येकाला वाटलं. मग रेल्वे आली, तारायंत्र आलं. विणीच्या वसाहती कुठे बसल्या याची बातमी तारेने जायची आणि रेल्वेने शिकारी पोचायचे. १८७८ मध्ये मिशिगनमधल्या पेटोस्की इथल्या वसाहतीत अफाट कत्तल झाली. घरट्यांवर बसलेले पक्षी मारले गेले, पिलं झाडांवरून पाडली गेली. जंगलंही तुटत होती. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत हा पक्षी रानातून जवळजवळ संपला.

आता इथे मोर्निंग डव्ह पुन्हा येतो. हा पक्षी पॅसेंजर पिजनची लहान प्रतिकृती वाटावा असा आहे. तीच निमुळती शेपूट, तीच बांधणी. फरक आहेत, आणि माहीत असलेल्याला ते ठळक आहेत. पॅसेंजर पिजन चाळीस सेंटिमीटरच्या आसपास, मोर्निंग डव्ह तीसच्या. पहिल्याचं डोकं निळसर राखाडी आणि प्रौढ नराचा डोळा लाल. दुसऱ्याचा रंग मातकट, डोळा गडद आणि गालाखाली एक काळा ठिपका. पण दूर शेतावरून उडून जाणाऱ्या पक्ष्याचा गालाखालचा ठिपका कोण बघतो? पॅसेंजर पिजन नाहीसे होत होते त्या सगळ्या काळात मोर्निंग डव्ह जिकडेतिकडे होते. उघडी होत चाललेली शेतजमीन त्यांना मानवली होती. लोकांना लांब शेपटीचे पक्षी दिसत होते आणि ते निर्धास्त होते. आहेत की अजून, असं म्हणत होते.

१९१० च्या सुमाराला पक्षितज्ज्ञांनी बक्षीस जाहीर केलं, की पॅसेंजर पिजनचं विणीतलं घरटं दाखवा आणि पैसे घ्या. पत्रांचा पाऊस पडला. तपासायला गेल्यावर निघत होते ते मोर्निंग डव्ह. त्याच्या थोडं आधी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेले थिओडोर रूझवेल्ट स्वतः उत्तम पक्षिनिरीक्षक. त्यांनीही १९०७ मध्ये व्हर्जिनियात पॅसेंजर पिजनचा लहानसा थवा पाहिल्याचं सांगितलं होतं. त्यांनी खरंच काय पाहिलं यावर आजही एकमत नाही.

शेवटची मादी मार्था सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तारीख होती १ सप्टेंबर १९१४. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत आज होल्यांचा हंगाम याच तारखेला उघडतो. त्यात योजना काही नाही, निव्वळ योगायोग आहे, पण मला त्या तारखेला दरवर्षी तो आठवतो. मार्थानंतर चार वर्षांनी, १९१८ मध्ये, स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा अमेरिकेने केला. आज टेक्सासच्या शेतात जी शिस्त दिसते तिचं मूळ त्या कायद्यात आहे.

तिसरा मुद्दा आपल्या तारेवरच्या कंठीवाल्याचा.

हा मूळचा आपल्या बाजूचा, भारतीय उपखंडातला मानला जातो. तिथून तो तुर्कस्तानात गेला, तिथून बाल्कन देशांत. १९३० नंतर मात्र त्याने जो वेग घेतला त्याला तोड नाही. पंचवीस वर्षांत अख्खा युरोप ओलांडून १९५५ मध्ये तो इंग्लंडमध्ये घरटं करू लागला. सत्तरच्या दशकात बहामा बेटांवर पिंजऱ्यातले काही कंठीवाले सुटले, वाढले आणि समुद्र ओलांडून फ्लॉरिडात उतरले. तिथल्या लोकांना ते दिसत होते. पण त्यांच्यासारखाच एक पाळीव होला तिकडे पिंजऱ्यांतून सुटून आधीपासून हिंडत होता, म्हणून कित्येक वर्षं हे नवे पाहुणे त्याच्यातच मोजले गेले. १९८६ मध्ये कुणीतरी नीट पाहिलं तेव्हा उलगडा झाला. तोवर त्यांचं बस्तान बसलं होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला ते टेक्सासमध्ये पोचले. परकी जात म्हणून त्यांना तिथे कसलंच संरक्षण नाही.

हाच कंठीवाला युरोपात एका जुन्या रहिवाशाच्या शेजारी राहतो. त्या जुन्या पक्ष्याला टर्टल डव्ह म्हणतात. युरोपच्या प्रेमगीतांतून आणि धर्मग्रंथांतून घुमणारा होला तो हाच. तो उन्हाळ्यात युरोपात वीण करतो आणि हिवाळ्यात सहारा ओलांडून आफ्रिकेत उतरतो. १९८० पासून त्याची संख्या सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटली. शेतातल्या तणांचं बी नाहीसं झालं, झुडपांचे बांध गेले, आणि स्थलांतराच्या वाटेवर बंदुका होत्याच. फ्रान्स आणि स्पेनमध्ये ऑगस्टच्या अखेरीस त्याचा हंगाम उघडायचा, नेमका तो आफ्रिकेकडे निघायच्या वेळी. अखेर २०२१ मध्ये फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल यांनी त्याची शिकार काही वर्षांसाठी थांबवली, आणि थोड्याच वर्षांत पश्चिम युरोपातली त्याची संख्या सावरायला लागली. किती लवकर! फक्त बंदूक थांबली आणि पक्ष्याने वर डोकं काढलं.

पण फ्रान्समध्ये त्याच काळात कंठीवाल्याची शिकार चालूच होती. म्हणजे एक होला बंद, दुसरा खुला. दोघे वेगळे करायचे कसे? टर्टल डव्ह लहान आणि गडद, पाठीवर तांबूस पिसांना काळी मधली रेघ, मानेच्या बाजूला काळे-पांढरे पट्टे, उडताना अंग एका बाजूला कलवत झपाट्याने जाणारा. कंठीवाला मोठा, फिका, एकरंगी, मानेमागे एकच काळी अर्धी कंठी. सोपं वाटतं. पण ऑगस्टमध्ये दोघांचीही नवी पिलं आकाशात असतात, आणि दोघांच्याही पिलांच्या मानेवर अजून काहीच उमटलेलं नसतं. ज्याने मानेच्या खुणेवर भिस्त ठेवली, तो त्या महिन्यात फसलाच.

आणि एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. युरोपातल्या गावांत आजही होल्याचं घुमणं दिवसभर ऐकू येतं. ते कंठीवाल्याचं असतं. घुमणं चालू आहे, म्हणून टर्टल डव्ह गप्प झाला हे किती घरांत कुणाला जाणवलं असेल?

आता आपल्याकडे येऊ. सलीम अलींची गोष्ट सर्वांना माहीत आहे, तरी आज ती सांगायलाच हवी. मुंबईतल्या एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही हे त्याला जाणवलं, तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला, आणि तिथल्या डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला कपाटं उघडून चिमण्यांच्या जातीमागून जाती दाखवल्या. ते वर्ष १९०८. आपल्याकडच्या पक्षिशास्त्राचा मोठा भाग त्या एका शंकेतून उगवला. त्या मुलाने ‘चिमणीच आहे’ म्हणून ती टाकून दिली असती तर?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बांध घातला, १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीची वाट बंद केली. उत्तम झालं. पण त्यामुळे एक सवय मोडली, ती म्हणजे बारकाईने बघण्याची. बंदुकीला उत्तर द्यायचं नसलं की डोळा आळसावतो. शेतावर होले दिसले, असं आपण म्हणतो. कोणते? ठिपकेवाला, ज्याच्या मानेमागे काळ्यावर पांढरे ठिपके आहेत? लहान होला, ज्याचे ठिपके मानेमागे नसून पुढे गळ्याच्या बाजूंना आहेत? कंठीवाला? की लाल होला? लाल होल्याचा नर विटकरी रंगामुळे लगेच कळतो, पण मादी करड्या-तपकिरी रंगाची आणि तिच्या मानेवरही तीच काळी अर्धी कंठी. आपल्या कितीतरी नोंदींत ती कंठीवाला म्हणून गेली असणार, असं माझं ठाम मत आहे. ती आकाराने लहान, शेपटीने आखूड, अंगाने घट्ट. एवढ्यावर ती वेगळी काढता येते.

या चारांपैकी एक जात उद्या विरळ होऊ लागली तर आपल्याला कधी कळेल? उरलेल्या तिघांची गर्दी असेपर्यंत कळणार नाही. पॅसेंजर पिजनच्या वेळी अमेरिकेला कळलं नाही, टर्टल डव्हच्या वेळी युरोपला उशिरा कळलं. तिथे निदान मारलेल्या पक्ष्यांचे पंख मोजणारं कुणीतरी आज आहे. आपल्याकडे मारणं बंद आहे, म्हणून मोजण्याचं सगळं ओझं बघणाऱ्यांवर आहे. म्हणजे तुमच्यावर आणि माझ्यावर.

म्हणून माझी विनंती आहे, विशेषतः इथे बसलेल्या शिक्षकांना आणि कॉलेजच्या मुलामुलींना. दर फेब्रुवारीत पक्ष्यांची गणना होते, तीत भाग घ्या. आपलं गाव, आपला बांध, आपली शाळा निवडा आणि वर्षानुवर्षं तिथेच मोजा. होला दिसला की आधी शेपूट बघा, मग मान, मग पंख, मग उडण्याची ढब, आणि रंग शेवटी. खात्री झाली तर जातीचं पूर्ण नाव लिहा. खात्री नसेल तर ‘होला, जात अनिश्चित’ असं लिहा. अंदाजाने कुठल्याही जातीचं नाव लिहू नका.